सैल हात आणि फोटोतली गर्दी

फोटोवरून चित्र करणाऱ्याला आपल्याकडे अजूनही थोडे हिणवले जाते. ते अनाठायी आहे. राजा रविवर्मांनीही छायाचित्रांचा आधार घेतला होता. पण त्यांना चित्रात तपशिलाची पूर्तता हवी होती, कातडीचा पोत, जरीचा काठ. आज पनवेलमध्ये मी ज्या होतकरू चित्रकारांची कामे पाहतो, त्यांना नेमके उलटे हवे असते : तासाभरात, रुंद ब्रशने, मोकळ्या हाताने केलेला तैलरंगातला अभ्यास.

हव्यास चांगला आहे. फळ बहुधा फसवे येते. कर्नाळ्याचा सुळका घ्या. मुंबई-गोवा महामार्गावरून दिसणारा तो अंगठा इथे कुणाच्या मोबाइलमध्ये नाही? अभ्यासचित्रात आधी त्याची कड फोटोवरून बिनचूक उतरवलेली असते, खडकाच्या भेगांसकट. मग वरून चार जाड फटकारे. याला मी सैलपणा म्हणत नाही. घट्ट चित्राच्या अंगावर चढवलेला तो सैल सदरा आहे.

त्यात कॅमेऱ्याची लबाडी वेगळीच. पावसाळी आकाश सांभाळायला गेला की तो डोंगर काळा करून टाकतो. प्रत्यक्षात त्या सावलीत निळसर हिरवा असतो, ओल्या कातळाचा जांभळा असतो. चित्रकार बिचारा फोटोतला काळा इमानाने काळाच रंगवतो. तैलरंगात तर असा काळा सगळ्या चित्राला मेल्यासारखी कळा आणतो.

इथे मला वॉल्टर सिकर्ट हा इंग्लंडमधला चित्रकार आठवतो. अमेलिया इअरहार्ट 1932 मध्ये एकटीने विमानातून अटलांटिक ओलांडून आली, त्या आगमनाचा वर्तमानपत्रातला फोटो घेऊन त्याने मोठे तैलचित्र केले. त्या चित्रात पाऊस कोसळतो आहे, आणि जिच्यासाठी सगळे जमले ती बाई गर्दीत जवळजवळ बुडालेली आहे. छापील फोटो भरड. त्यात तपशील तुटपुंजा. उरलेले काय ठेवायचे, काय सोडायचे, हे सिकर्टलाच ठरवावे लागले. आपला मोबाइल प्रत्येक पान मोजून देतो, आणि ठरवण्याची वेळच येऊ देत नाही.

म्हणून फोटो आधी दरिद्री करावा. तो लहान करावा, रंग काढून टाकावेत, डोळे किलकिले करून उजेडाचे नि सावलीचे तीन-चार तुकडे पाहावेत, आणि मोबाइल उलटा ठेवून पातळ रंगाने तेवढेच मांडावे. जाड रंग नंतर. घाई करायची ती हाताने, नजरेने नव्हे. (घड्याळ लावून रंगवणाऱ्यांचे मला काही कळत नाही.)

मी पाहिलेल्यांत एक काम असे होते. वहीच्या पानाएवढा बोर्ड, डोंगर पाच-सहा फटकाऱ्यांचा, सुळक्याचे टोक ढगात गेलेले. खाली रस्त्यावर ट्रकचे दोन लाल दिवे. फोटोत ते इतके लाल खात्रीने नव्हते.