देठ हरवलेला श

देवनागरी फॉन्टांची आज सुबत्ता आहे. परंतु त्यांतील बराच भाग रोमन अक्षरांच्या शेजारी शोभावा एवढ्याच हेतूने घडवलेला आहे, आणि ही गोष्ट मराठी वाचकाने मुकाट्याने सोसावी अशी नाही. 2014 मध्ये आलेला ‘पॉपिन्स’ हा भौमितिक फॉन्ट, म्हणजे वर्तुळे आणि सरळ रेषा यांवर बेतलेला, जवळपास एकाच जाडीचा फॉन्ट, कौशल्याने घडवलेला आहे. त्याच्या वाटेने निघालेल्यांनी मात्र जाडीतील चढउतार ही जुनाट सजावट ठरवली. वास्तविक तो चढउतार बोरूच्या लेखणीतून आला आहे. बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट तिरकस कापले जाते, म्हणून देवनागरीत जाड आणि बारीक रेषाही उलट दिशांना पडतात, आणि अक्षर ओळखताना डोळा त्यांचाच आधार घेतो.

जावजी दादाजी चौधरी यांच्या मुंबईतील निर्णयसागर छापखान्यासाठी राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या छपाईच्या खिळ्यांत हे बोरूचे वळण धातूत उतरले. त्या अक्षरांची पोकळी मोकळी, गाठी भरीव आणि जोडाक्षरे उभ्या रचनेची असल्याने संस्कृत ग्रंथांची दाट पानेही डोळ्यांना थकवत नाहीत. जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई, म्हणून ती घटवण्याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनीही केला. पुढे लायनोटाइप यंत्राच्या मर्यादित जागांत बसवण्यासाठी अक्षरांची मोडतोड झाली. संगणकावर ती अडचण उरलेली नाही. तरीही जोडाक्षरे आडवी फोडून मांडण्याची सवय टिकून आहे, तिला आता यंत्राची सबब देता येत नाही.

र. कृ. जोशींच्या ‘मंगल’ या फॉन्टने संगणकाच्या पडद्यावर देवनागरी रुजवली, एवढे त्याचे श्रेय पुरेसे आहे. ‘मोदक’सारखे गुबगुबीत फॉन्ट मथळ्यापुरते. खरी आशा आहे ती कल्पसूत्राच्या जैन हस्तलिखितांवरून घडवलेल्या, ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘जैनी’त आणि ‘टायरो देवनागरी मराठी’त, कारण दोन्ही लेखणीपासून सुरुवात करतात. मराठीची वळणे वेगळी मानून हिंदी व संस्कृतपासून स्वतंत्र असा हा दुसरा फॉन्ट फिओना रॉस आणि जॉन हडसन यांनी कॅनडातील संस्थेसाठी घडवला. ते काम इथल्या संस्थांनी आधीच करायला हवे होते.

पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणे वापरावीत, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय 6 नोव्हेंबर 2009 रोजी निघाला. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संगणकीय संकेतप्रणालीत, या अक्षरांच्या हिंदी आणि मराठी वळणांना वेगळे क्रमांक नाहीत; बहुतेक फॉन्टांत मजकूर मराठी आहे असे संगणकाला सांगितले आणि तशी सोय असली, तरच मराठी वळण उमटते, एरवी हिंदी. धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्याचे उदाहरण घेतले तर जिल्हा आणि तालुका या दोन्ही नावांत श आहे, आणि फलक छापणाऱ्याने हा भाषेचा पर्याय निवडला नाही तर शासनाची स्वतःची पाटीही शासनाचाच निर्णय मोडते. दोष फलक छापणाऱ्याचा नाही, कारण त्याच्या हाती जो फॉन्ट येतो त्यात श चे मूळ रूप आधीच ठरलेले असते. म्हणून महाराष्ट्रात सरकारी कामासाठी घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक फॉन्टात मराठी वळण हे मूळ रूप आणि हिंदी वळण हा पर्याय असला पाहिजे, आणि ज्या फॉन्टात हे नसेल त्याला निविदेतूनच बाहेर ठेवले पाहिजे.