झडती आणि तपासणी : मराठी प्रवासवर्णनातली एक गाळलेली जागा

मराठी प्रवासलेखात विमानतळ आला की लोणच्याची बरणी येतेच. १८२८ साली सुरू झालेल्या आमच्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयात बसून गेली काही वर्षं मी जुनी-नवी प्रवासवर्णनं वाचते आहे, दिवाळी अंकांतले प्रवासलेख तर आवर्जून. त्यांत सुरक्षातपासणीचा प्रसंग बहुधा तीन-चार वाक्यांत उरकलेला दिसला. पट्टा काढला, पँट सावरली, बरणी जप्त झाली, बायको चिडली. की पुढच्या परिच्छेदात ढग. प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला येतो आणि प्रत्येक जण तो हसून ओलांडतो. या हसण्याचं मला कोडं पडलं.

हसण्याची ही सवय जुन्या काळातून आली असावी, असा माझा तर्क आहे. गंगाधर गाडगीळांचं 'साता समुद्रापलीकडे' १९५९चं, पु. लं.ची 'अपूर्वाई' १९६०ची, 'पूर्वरंग' १९६३चं. त्या काळच्या प्रवाशाला सामोरं जावं लागे ते कस्टमला. आज आपण जिला सुरक्षातपासणी म्हणतो ती नंतरची. अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली जानेवारी १९७३ मध्ये, विमान-अपहरणांची लाट आल्यावर. आपल्याकडे 'गंगा' हे विमान लाहोरला पळवलं गेलं ते जानेवारी १९७१ मध्ये.

वाङ्मयाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. कस्टमचा माणूस विचारतो, ''काय आणलंत?'' प्रश्न आला म्हणजे उत्तर आलं, थाप आली, घासाघीस आली. दोन पात्रं आणि एक पेटी एवढ्यावर विनोदी लेखकाचा प्रवेश उभा राहतो. सुरक्षातपासणीत प्रश्नच नसतो. हात पसरा, वळा, पुढे व्हा. तिथे वस्तूची चौकशी दुय्यम, देह मुख्य. शिवाय त्या रांगेत विनोदाला मनाई आहे. 'बॉम्ब' हा शब्द गमतीने उच्चारला तरी प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. ज्या वाङ्मयप्रकाराची सारी भिस्त मिस्कीलपणावर, त्याला ही जागा लिहिताच येत नाही. म्हणून तो संवादासाठी बरणी शोधतो. बरणी बोलते, माणूस गप्प.

आता शब्द पाहू. पोलीस घेतात ती झडती. डॉक्टर करतो ती तपासणी, शाळेत साहेब येऊन करतो तीही तपासणी. झडतीच्या मागे संशय असतो, तपासणीत तो नाही असं गृहीत असतं. विमानतळाने दुसरा शब्द घेतला आणि कृती पहिलीची ठेवली. कुणावरच संशय नाही म्हणून सगळ्यांना चाचपायचं, असा तो व्यवहार आहे. त्याची गरज मी नाकारत नाही. २३ जून १९८५ रोजी 'कनिष्क'मध्ये ३२९ माणसं गेली. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला नेलं गेलं आणि त्यानंतर २००० सालापासून आपले विमानतळ एकेक करून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आले. माझी तक्रार रांगेबद्दल नाही, रांगेविषयीच्या लेखनाबद्दल आहे.

कारण मराठीला हा विषय गंभीरपणे लिहिता येत नाही असं नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारला दिला. कोणताही गुन्हा नाही, आरोप नाही, माणूस प्रवासाला निघाला एवढंच पुरे. आमच्या जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांच्या घरी अशा कायद्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल. पुण्यात सोजीर घराघरांत शिरले, बायामाणसांच्या अंगाला हात लागल्याच्या तक्रारी झाल्या आणि मराठी पत्रं पेटून उठली. २२ जून १८९७ला रँडवर गोळी झाडली गेली; याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना त्या वर्षी राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली. त्या लेखनात हसू नव्हतं. एक मात्र आहे. तेव्हा अपमान साऱ्या गावाचा होता, आज तो तिकीट काढून रांगेत उभ्या राहिलेल्या एकेकट्याचा आहे. एकट्याने झालेला अपमान माणूस हसून झाकतो.

हे मला कळलं ते पुस्तकातून नव्हे. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन मी मस्कतला भावाकडे निघाले होते. बायकांची तपासणी आपल्याकडे पडद्याआड होते, एका वेळी एकीची. आई आत, मी बाहेर. आतल्या मुलीने हिंदीत काही सांगितलं असावं, हात वर करायला. आणि आईचा आवाज आला, ''मी काही घेतलेलं नाही गो बाई.''

आईने तरुणपणी काजूच्या कारखान्यात बिया सोललेल्या. संध्याकाळी सुटताना दारात पदर आणि ओटी झाडून दाखवावी लागे, मग घरी. चाळीस वर्षांनी पडद्याआड हात वर करताना तिच्या तोंडून तेच वाक्य निघालं. शब्द तपासणीचा होता, तिच्या अंगाने तो झडती म्हणूनच ऐकला. आतली मुलगी काही बोलली नाही. तिच्या हातातल्या यंत्राचा आवाज तेवढा आला, आईच्या बांगड्यांवर.

तेव्हापासून मी प्रवासलेखांत हे वाक्य शोधते आहे. मला ते सापडलेलं नाही. मीना प्रभूंनंतर मराठी बाई एकटीने जग फिरून लिहू लागली. मग पडद्यामागची ती दीड मिनिटं एखाद्या लेखात तरी भेटायला हवी होती, कारण तिथे पुरुष लेखक पोचूच शकत नाही.

गप्प राहण्यात साधी माणसंच असतात असंही नाही. कोकण रेल्वेमुळे जॉर्ज फर्नांडिस हे नाव आमच्याकडे घरातलं. ते संरक्षणमंत्री असताना अमेरिकेत त्यांची कपडे उतरवून झडती घेतली गेली, एकदा नव्हे, दोनदा. जगाला ते नीट कळलं २००४ मध्ये, तेही स्ट्रोब टालबॉट या अमेरिकी मुत्सद्द्याच्या पुस्तकातून. हयातभर ज्यांनी व्यासपीठं गाजवली, त्यांच्या वाट्याचं हे प्रकरण दुसऱ्याने लिहिलं. (मायदेशी तपासणीतून सूट मिळालेल्या पदांची यादी विमानतळावर टांगलेली असे. रांगेत वाचायला तेवढाच मजकूर.)

उलट उदाहरण एकच, पण ठसठशीत. नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये एक चित्रफीत प्रसिद्ध केली. प्रत्येक वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, हे त्यांनी थेट पंतप्रधानांना उद्देशून सांगितलं. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की अपंग प्रवाशाला कृत्रिम अवयव काढायला लावू नये. सुधा चंद्रन यांचा पाय गेला तो १९८१च्या अपघातात, आणि त्यावर उभं राहिलेलं त्यांचं नृत्य अवघ्या देशाने पाहिलेलं. तरी त्यांच्या चित्रफितीत अभिनय नाही, किस्सा नाही. माझ्या मते या विषयावरचं आपल्याकडचं सर्वांत प्रामाणिक प्रवासवर्णन ते आहे, आणि ते पुस्तकात नाही.

आईचंही एक प्रवासवर्णन आहे, तोंडी. मस्कतहून आल्यावर वाडीत कुणी विचारलं की ती रंगवून सांगते. आमच्या हातातल्या पिशवीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही, हे आम्हाला कुठलं ठाऊक! त्या वाट्या टोपलीत जाताना आईने त्या माणसाला सुनावलं, ''अरे मेल्या, हे आमटीत घालतात, बंदुकीत नाही.'' हे वाक्य तिने तेव्हा म्हटलं नव्हतं. ते नंतर, आमच्या ओटीवर तयार झालं आणि दरवेळी थोडं सुधारत गेलं. ऐकणाऱ्या बायका पोट धरून हसतात.

पडद्याचं ती सांगत नाही. मी एकदा विचारलं, तर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, ''त्यात काय सांगायचं?''