टायको ब्राहेचा मृत्यु व केप्लरवरील आरोप

डेन्मार्कचा ज्योतिषी टायको ब्राहे हा २४ ऑक्टोबर १६०१ रोजीं प्राग येथें वारला. त्याचा सहायक योहान्नेस केप्लर यानें पारा घालून त्यास मारिलें, असा आरोप २००४ सालीं गिल्डर दांपत्यानें आपल्या ग्रंथांत केला. आरोप भयंकर आहे. म्हणून त्याचा आधार तपासून पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

समकालीन साधनांत मुख्य म्हणजे टायकोच्या वेधांच्या वहींतील केप्लरची नोंद. तींतील हकीकत अशी : १३ ऑक्टोबर रोजीं रोझेनबर्ग नामक सरदाराच्या घरीं मेजवानी होती. मद्यपान बेताबाहेर झालें असतांहि शिष्टाचारास्तव टायको पंक्तींतून उठला नाहीं, व घरीं आल्यावर लघवी होईना. पांच रात्री झोंपेवांचून गेल्या. पुढें अतिशय वेदनेनें थोडी थोडी होऊं लागली, तरी अवरोध गेला नाहीं. मग ताप व वात. त्यांत पथ्यहि पाळलें नाहीं. आपलें जिणें व्यर्थ गेलेंसें न दिसो, असें तो वातांत पुनःपुन्हां म्हणे.

नोंद आरोपीच्याच हातची, असा प्रतिपक्षाचा आक्षेप. खरा आहे, परंतु हितसंबंधी लेखकाचा लेख ताडून पाहावयाचा असतो, फेंकावयाचा नसतो. वारसांचें लक्ष नाहीं असें पाहून आपण वेधांच्या वह्या ताब्यांत घेतल्या, हें केप्लरनेंच १६०५ च्या एका पत्रांत कबूल केलें आहे. वह्या लांबविणें आणि विष घालणें यांतील अंतर हस्तलिखितांच्या संग्राहकांस तरी सांगावयास नको!

राहिला पारा. १९०१ सालीं प्रागच्या टीन देवळांतील थडगें उघडलें, तेव्हां काढलेल्या केसांत तो १९९० नंतरच्या तपासण्यांत आढळला. पण टायको स्वतः किमयागार. पाऱ्याचीं औषधें तो हातानें करी. केसांत पारा सांपडला म्हणजे घालणारा सांपडला, असें होत नाहीं. २०१० सालीं थडगें पुन्हां उघडून डॅनिश व चेक संशोधकांनीं दाढीचे केस व हाडें तपासलीं. २०१२ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, शेवटच्या सुमारें ८ आठवड्यांत पाऱ्याचें प्रमाण प्राणघातक नव्हतें, व हाडांतहि दीर्घकाळच्या विषबाधेची खूण नाहीं. येथें पाऱ्याचा आरोप कोसळला, व त्याबरोबर केप्लरवरील किटाळहि गेलें.

तथापि मूत्राशय फुटून तो मेला ही लोकप्रिय कथाहि आम्ही मान्य करूं शकत नाहीं. नोंदींत तें कोठेंच नाहीं. उलट लघवी थोडी थोडी होत होती असें स्पष्ट आहे, आणि मृत्यु अकराव्या दिवशीं आला. मूत्रावरोध व त्यामागून ताप, एवढेंच लेखावरून निघतें. मऊ अवयव उरलेले नसल्यामुळें हाडांकडून अधिक वदवितां येणार नाहीं. गिल्डरांचा ग्रंथ ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं त्याच्या मलपृष्ठाच्या आंत २०१२ चा निष्कर्ष चिकटवून ठेवावा.