पात्राची वाटचाल

पात्राला एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी नेताना पुष्कळ कथाकार उंबरठा, टांगा, स्थानक, तिकीट असा एकेक टप्पा नोंदवितात. पात्र मुक्कामी पोचते, कथा मात्र मागेच राहते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तरुण मास्तर पायीच वाडीकडे निघतो. ही चाल लेखकाने गाळली नाही. कारण अनोळखी मुलखाबरोबर मास्तरांचे नवखेपणही तिच्यातूनच उमगते. अखेरीस दुष्काळाने वाडी ओस पडते आणि मास्तर निघतो, तेव्हा त्याच्या मनावरचे ओझे निराळे असते.

वाटेत पात्राचे मन हलत असेल तर वाट सांगावी. एरवी नव्या गावच्या पाण्याची चव सांगितली तरी पुरे. विद्यार्थ्यांच्या कथा तपासताना शिक्षकांनी हीच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते.