वाघिणीची वाट आणि तांब्याची खाण

अमित मसुरकर दिग्दर्शित ‘शेरनी’ हा हिंदी चित्रपट १८ जून २०२१ रोजी प्रदर्शित झाला, तो करोनाच्या सावटामुळे चित्रपटगृहात न येता थेट घरच्या लहान पडद्यावर. विद्या बालनसारखी नामवंत अभिनेत्री असूनही आपल्या धर्मग्रामांतील फार थोड्या कुटुंबांनी तो पाहिला असावा. वास्तविक आपले लक्ष वेधावे असे त्यात बरेच आहे. नायिका विद्या व्हिन्सेंट ही केरळी ख्रिस्ती वनाधिकारी आहे. हिंदी पडद्यावरचा ख्रिस्ती म्हणजे मद्यपी पीटर, नाही तर आखूड झग्यातली नर्तिका, हे समीकरण आपण वर्षानुवर्षे निमूटपणे सोसले. येथे त्याचा मागमूस नाही. विद्या अबोल आहे, नेकीने काम करते, थकते, चिडते. तिचे ख्रिस्ती असणे गाजावाजाशिवाय तिच्या नावात असते, इतकेच. एवढ्यासाठीही लेखिका आस्था टिकू यांचे आभार मानावेसे वाटतात.

कथा बिजासपूर नावाच्या काल्पनिक वनविभागात घडते. ‘टी-१२’ ही वाघीण माणसे मारू लागते. निवडणुका जवळ आलेल्या. दोन राजकीय गट तिच्यावरून एकमेकांवर तुटून पडतात. वरिष्ठ अधिकारी कचेरीत होम मांडतात. आणि पिंटू नावाचा हौशी शिकारी (शरत सक्सेना) बंदूक घेऊन अवतरतो. विद्येला वाघीण जिवंत हवी आहे. सोबतीला प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हसन नूरानी (विजय राज) आणि ज्योती ही गावातली धीट तरुणी. वाचकांना यवतमाळ जिल्ह्यातील ‘अवनी’ आठवेलच. पांढरकवडा परिसरातील तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. तिलाही दोन पिल्ले होती.

अवनीचा मुलूख कपाशीच्या काळ्या जमिनीचा, शेतांमध्ये जंगलाचे तुकडे असलेला. चित्रपटाने कथा तेथून उचलून मध्य प्रदेशातील डोंगरात नेली. चित्रीकरण बालाघाट जिल्ह्यात झाले. हा बदल केवळ दृश्यांच्या शोभेसाठी नाही. त्यानेच या थरारपटाला कणा दिला आहे, म्हणून त्या भूमीची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

बालाघाट हा भंडारा-गोंदियाचा शेजारी. वैनगंगा तेथूनच आपल्याकडे येते. मैंगनीजची भरवेली, उकवा, तिरोडी ही ठिकाणे तिकडची. पण तोच खनिजपट्टा सीमा ओलांडून तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथपर्यंत पोहोचतो आणि त्या साऱ्या खाणींचा कारभार नागपुरातून चालतो. मैकल रांगेच्या सपाट माथ्यांना तिकडे ‘दादर’ म्हणतात. त्यांच्या जांभ्या खडकात बॉक्साइट सापडते. कान्हाचे राष्ट्रीय उद्यान याच डोंगरांत आहे, आणि त्याच्यापासून फार दूर नाही असे मलाजखंड. तेथे अडीचशे कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटच्या पोटात गारगोटीची धनुष्याकृती शीर आहे, आणि त्या शिरेत तांबे. हिंदुस्थान कॉपर ही सरकारी कंपनी १९८२ पासून ते काढीत आली आहे. खड्डा दोन किलोमीटरांहून लांब आणि दोनशे मीटरांहून खोल. ज्या डोंगरांत धातू, त्याच डोंगरांत वाघ, हा येथला मूळ पेच आहे.

चित्रपटात नेमका हा पेच उघडा पडतो. वाघीण राष्ट्रीय उद्यानाकडे का जात नाही, हा प्रश्न सर्वांना छळत असतो. आणि मग पडद्यावर तांब्याच्या खाणीची विराट पोकळी उलगडते. मलाजखंडची आठवण व्हावी अशी, पायऱ्यापायऱ्यांनी पाताळात उतरणारी. तिची वाटच नाहीशी झाली आहे. रहस्याचा उलगडा एखाद्या खुन्याच्या नावाने न होता भूगोलाने व्हावा, हे मला या चित्रपटाचे खरे यश वाटते. वाघ स्वतः फार थोडा वेळ दिसतो. भय निर्माण होते ते कोंडीचे.

परंतु हे उत्तर हाती आल्यावर दिग्दर्शक त्याच्यापाशी थांबत नाहीत. खाण एकदा दाखवून बाजूला सारली जाते आणि राग पुन्हा भेकड अधिकारी आणि पिंटू यांच्यावर उतरतो. खलनायकाला चेहरा लागतो, खड्ड्याला तो नसतो, हे मान्य. तरी त्या खड्ड्यात काम करणारा एकही मजूर कथेत येऊ नये? ते तांबे कोठे जाते, हेही कोणी विचारीत नाही. पुण्याच्या तांबट आळीतल्या घागरी काय, आपल्या भिंतींतल्या विजेच्या तारा काय, तांब्यावाचून कोणाचे चालते? हा प्रश्न टाळल्यामुळे प्रेक्षक निर्दोष राहून घरी बसतो. मसुरकरांच्याच ‘न्यूटन’मध्ये (२०१७) अशी सुटका मिळत नव्हती.

दुसरा आक्षेप विचाराचा आहे. वाघ असेल तर जंगल, जंगल असेल तर पाऊस, पाऊस असेल तर माणूस, अशी साखळी चित्रपट मांडतो. ती खरी आहे, पण तिचे शेवटचे टोक माणसाच्या सोयीलाच बांधलेले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक प्रजातीचे मूल्य तिच्या उपयोगापलीकडे असल्याचे बजावले होते. गंमत अशी की, चित्रपटाचे संवाद जेथे पोहोचत नाहीत तेथे त्याची पात्रे पोहोचतात. वाघीण मारली गेल्यावर विद्या आणि गावकरी पोरकी पिल्ले शोधतात, त्यांना जगवण्याची खटपट करतात. या गावकऱ्यांचीच माणसे त्या वाघिणीने मारलेली असतात, आणि पिल्लांकडून त्यांना मिळण्यासारखे काही नसते. कोणी भाषण करीत नाही. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातील हा सर्वांत ख्रिस्ती प्रसंग आहे, आणि तो घडवणारी बहुतेक माणसे ख्रिस्ती नाहीत.

विद्येची बदली प्राणिसंग्रहालयात होते. जिवंत प्राण्यांच्या नव्हे, पेंढा भरलेल्यांच्या. काचेआडच्या त्या निश्चल डोळ्यांमधून ती हिंडते, आणि चित्रपट संपतो.