तंबूवाचून प्रवास

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचें ‘ट्रॅव्हल्स विथ अ डाँकी इन द सेव्हेन’ (१८७९) हें पुस्तक निसर्गवर्णनासाठीं वाखाणिलें जातें. परंतु त्याचें खरें मोल निराळें आहे. १८७८ सालीं फ्रान्समधील या डोंगराळ मुलखांतून १२ दिवस गाढवीसह हिंडतांना त्यानें तंबू मुद्दाम टाळिला व कांहीं रात्री झोपण्याच्या पिशवींत उघड्यावर काढिल्या. त्या शांततेंतहि, १७०२ सालीं धर्मासाठीं राजाविरुद्ध उठलेल्या तेथील प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांची आठवण त्याला सोडीत नाहीं. आमच्या हरसूलच्या डोंगरांत सुटी घालविणाऱ्यांचें लेखन बहुधा येथेंच उणें पडतें. धुकें व धबधबे त्यांत येतात. उतारावर नागली पिकवून पुढें मजुरीसाठीं गांव सोडणारा कोकणा वा वारली शेतकरी येत नाहीं. ज्या शांततेची ते स्तुति करितात, ती पुष्कळदां कुलूप लागलेल्या घरांची असते.