मोजमाप आणि अदमास : सागरजलातील कणांविषयीच्या मराठी गद्याचा विचार

समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचे प्रमाण प्रकाशाच्या साहाय्याने ठरविण्याचे जे शास्त्र आहे, त्याविषयी मराठीत जे थोडे लेखन आढळते त्याचे परीक्षण करावयाचे म्हटले की परिभाषेच्या दारिद्र्याचा उल्लेख ओघाने येतो. संज्ञा नाहीत, म्हणून लेखन नाही, अशी ही तक्रार असते. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. या विषयावरील मराठी गद्य नामापाशी अडत नाही; ते क्रियापदापाशी घसरते. 'यंत्राने पाण्यातील कण मोजले' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि शास्त्रदृष्ट्या ते बहुतेक वेळा असत्य असते.

मराठीतील 'मोजणे' हे क्रियापद फार सोशीक आहे. आपण पैसे मोजतो, जमीन मोजतो, पाऊस मोजतो आणि तापही मोजतो. यांपैकी पहिल्या क्रियेत एकेक नाणे बोटाखालून जाते. उरलेल्या तिहींत काहीही सुटे गणले जात नाही. धान्याच्या बाबतीत मात्र भाषा अधिक जागरूक आहे : धान्य मापावयाचे असते, सोने तोलावयाचे असते, आणि उभ्या पिकाचा अदमास घ्यावयाचा असतो. 'कण' हे नाम 'मोजणे' या क्रियापदाचे कर्म झाले की वाचकाच्या मनात पहिलाच अर्थ जागा होतो. कण हा सुटा, म्हणून मोजणे म्हणजे गणणे. पाण्यातील कण एकेक करून गणणारी यंत्रेही आहेत. पण येथे ज्यांचा विचार चालला आहे ती त्या जातीची नव्हेत.

ती काय करतात हे थोडक्यात सांगितले पाहिजे. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाशग्राहक आणि मध्ये बहुधा २५ सेंटिमीटर पाणी, अशी एक रचना असते. दिव्याचा प्रकाश पुष्कळदा तांबडा, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, असतो. निघालेला प्रकाश किती आणि पोहोचलेला किती, एवढेच हे यंत्र सांगते. मधली तूट दोन कारणांनी येते : काही प्रकाश शोषला जातो, काही आडवातिडवा विखुरला जातो. दुसऱ्या प्रकारचे यंत्र ही तूट पाहत नाही, तर विखुरलेला प्रकाशच एका ठरावीक कोनातून पकडते. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा ज्या एकक-मानाने सांगतात (भारतीय मानकानुसार तो एक एककापर्यंत स्वीकार्य आणि पर्यायी स्रोत नसल्यास पाच एककांपर्यंत चालण्याजोगा) ते याच दुसऱ्या रीतीचे आहे. हे एकक फॉर्मॅझिन नावाच्या प्रयोगशाळेत बनविलेल्या पांढुरक्या द्रवाशी तुलना करून बांधलेले आहे. म्हणजे नदीच्या पाण्याविषयी यंत्र जे म्हणते ते इतकेच, की हे पाणी अमुक तीव्रतेच्या फॉर्मॅझिनइतका प्रकाश विखुरते. त्यात गाळाच्या वजनाचा उल्लेख कोठेही नाही.

वजन आणि प्रकाश यांचे नाते सरळ नाही, हीच या शास्त्रातील मर्माची गोष्ट होय. चाळीस मायक्रॉन व्यासाचा एक गोल कण घ्यावा व त्याचे चार मायक्रॉनचे कण करावेत. ते हजार होतील. वजन तितकेच राहील. पण त्यांची एकूण सावली दहापट होईल. प्रकाशाला अडविते ती सावली, वजन नव्हे. बेलापूरसारख्या प्रवरेकाठच्या गावी हे समजावून सांगण्यास आकृतीची गरज पडू नये. पावसाळ्यात नदी वाळू वाहते आणि काळ्या रानातली चिकणमातीही वाहते. वाळू वजनाला भारी, पण ती बुडाशी सरपटते आणि पाण्याचा रंग फारसा पालटत नाही. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहूनही लहान. मूठभर मातीने हंडा गढूळ होतो आणि रात्रभर निवळत नाही. एकाच वजनाची वाळू आणि माती यंत्राला सारखी दिसेल, अशी अपेक्षाच चुकीची आहे.

घरोघरचा तुरटीचा प्रयोगही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तुरटी फिरविली की मातीचे कण परस्परांना चिकटतात व त्यांचे पुंजके होतात. ते तळाशी बसण्यापूर्वीच पाणी उजळू लागते. त्या क्षणी हंड्यात गाळ तितकाच असतो. केवळ त्याची सावली आक्रसलेली असते. तुरटीआधी ज्या बियांनी हे काम होत असे त्यांना मराठीने 'निवळी' असे नाव दिले. 'निवळ' हा 'निर्मल'चाच तद्भव, पण 'निवळणे' या क्रियापदात काळाची जी जाणीव आहे ती 'निर्मल'मध्ये नाही. पाणी निवळते म्हणजे हळूहळू होते, स्वस्थ ठेवल्याने होते. गढूळ, निवळ, नितळ आणि जुन्या मराठीतील 'डहुळ' ही सारी विशेषणे डोळ्याची आहेत, तराजूची नाहीत. लोकभाषेने येथे कोणताही घोटाळा केलेला नाही. घोटाळा होतो तो आपण 'गढूळपणा' हा शब्द बाजूस सारून त्या जागी 'गाळाचे प्रमाण' असे लिहू लागतो तेव्हा, कारण ते अधिक शास्त्रीय वाटते. तेथे दिसलेल्या वस्तूच्या जागी अनुमानलेली वस्तू येते.

बेलापूर म्हटले की आज बहुसंख्य वाचकांच्या डोळ्यांपुढे नवी मुंबईचे, खाडीकाठचे बेलापूर येते. (आमच्या बेलापूरच्या नावाचे रेल्वे स्थानकही श्रीरामपूर शहरात आहे, तेव्हा नावावरून वस्तूचा ठाव काढू नये हे येथील मनुष्यास शिकवावे लागत नाही.) पण हे नामसाम्य प्रस्तुत विषयात उपयोगी पडते. प्रवरेचे पाणी गोडे. पनवेलच्या खाडीत भरतीचे खारे पाणी येते आणि मीठ चिकणमातीवर तुरटीसारखेच काम करते : कण एकत्र येऊन पुंजके होतात. समजा, प्रवरेच्या पाण्यावर यंत्र ताडून पाहिले आणि गढूळपणाच्या अमुक आकड्याला दर लिटरमागे अमुक मिलिग्रॅम गाळ असे कोष्टक बांधले. तेच यंत्र, तेच कोष्टक खाडीवर नेले, तर आकडा बिनचूक वाचला जाईल आणि उत्तर चुकेल. हे यंत्राचे अपयश नव्हे. कोष्टक हे पाण्यापाण्याचे निराळे असते, आणि ते कोणत्या पाण्यावर बांधले हे सांगणारे वाक्य मराठी लेखात बहुधा गाळलेले असते.

या शास्त्राचे आरंभीचे लेखन या बाबतीत अधिक प्रामाणिक होते. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-ज्योतिर्विदाने पोपच्या जहाजावरून पांढऱ्या तबकड्या भूमध्य समुद्रात सोडल्या व त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते नोंदले. त्याने नोंदली ती खोली. कणांविषयी त्याने संख्या सांगितली नाही. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' जहाजाने युरोपातून परतले, ते वाटेत निकोल लोलकाने आकाशाचे परावर्तन दूर सारून समुद्राची निळाई पाहत. ती निळाई आकाशाची उसनी नसून पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाची आहे, असे टिपण त्यांनी मुंबई बंदरात असतानाच 'नेचर'साठी लिहिले. निळ्या समुद्राविषयीचा हा निष्कर्ष मुंबईच्या मातकट पाण्यावरून धाडला गेला, ही मौजेची गोष्ट आहे. पण या योगायोगातच पुढील सारी अडचण साठलेली आहे : खुल्या समुद्राचा नियम किनाऱ्याला लागू पडत नाही. खुल्या समुद्राचा रंग मुख्यत्वे वनस्पतिप्लवकांवरून ठरतो. किनाऱ्याला नद्यांचा गाळ आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये आपापला रंग मिसळतात.

उपग्रहांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मे १९९९ मध्ये ओशनसॅट-१ वर आठ पट्ट्यांचा सागररंगदर्शक गेला, २००९ व २०२२ मध्ये त्याचे वारस गेले. समुद्रावरून उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोहोचतो त्यातला सुमारे नऊ दशांश वातावरणाचाच असतो. तो वजा करून उरलेल्यातून पाण्याविषयी बोलावयाचे असते. म्हणून दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या (स्थापना १९६६) संस्थांतील मंडळींना होडीत बसून मांडवी-जुवारीच्या मुखांशी पाणी भरावे, गाळावे, गाळणकागद वाळवून तोलावा लागतो. 'उपग्रहाने गाळ मोजला' या वाक्यात ही होडी, तो कागद आणि तो तराजू यांना जागाच राहत नाही.

नामांविषयी थोडेच सांगावयाचे आहे. 'संहती' हा शब्द मराठीत रुळला आहे, तो चांगला आहे. 'आविलता' हा संस्कृत शब्द 'गढूळपणा'पेक्षा कोणत्याही प्रकारे अचूक नाही. तो केवळ अपरिचित आहे. खरा धोका 'विकिरण' या शब्दात आहे. शालेय मराठीत तो प्रकाशाच्या विखुरण्यासाठी, म्हणजे स्कॅटरिंगसाठी, वापरला जातो. हिंदीत तोच शब्द रेडिएशनचा वाचक आहे, ज्याला मराठी 'प्रारण' म्हणते. हिंदी ग्रंथांचा आधार घेणाऱ्या विद्यार्थ्याची येथे हटकून फसगत होते. मराठी विश्वकोशातील 'प्रकीर्णन' त्यामानाने निर्धोक असून तोच सार्वत्रिक करणे इष्ट ठरेल.

क्रियापदांसाठी मात्र कोश धुंडाळण्याचे कारण नाही. महसुली मराठीने ती व्यवस्था कधीच लावून ठेवली आहे. खरिपाच्या पिकाची पैसेवारी प्रथम 'नजर अंदाज' म्हणून जाहीर होते, मग 'सुधारित' आणि शेवटी 'अंतिम'. नजर अंदाज हा शेताकडे पाहून केलेला असतो. अंतिम आकड्यामागे पीक कापणी प्रयोग असतो, म्हणजे ठरलेल्या तुकड्यातले पीक कापून, झोडून, तोलून पाहिलेले असते. आकडा पन्नास पैशांच्या वर की खाली यावर गावाची सवलत अवलंबून असते, म्हणून हा फरक अल्पशिक्षित शेतकऱ्यालाही तोंडपाठ असतो आणि नजर अंदाजाला तो अंतिम समजत नाही. प्रकाशीय मापनाचे नेमके हेच स्वरूप आहे : प्रकाश हा नजर अंदाज आणि गाळणकागद ही कापणी. तेव्हा 'प्रकाशाची तूट मापली, तिच्यावरून गाळाचा अदमास घेतला, आणि अमुक ठिकाणच्या अमुक इतक्या नमुन्यांचे वजन करून त्या अदमासाचा ताळा पाहिला' असे लिहिता येते. वाक्य लांब होते, हे खरे. कॅलिब्रेशनसाठी हिंदीतून 'अंशशोधन' आणण्यापेक्षा हा 'ताळा' प्रस्तुत लेखकास अधिक पसंत आहे, कारण ताळा जुळला नाही असे मराठीत सहज म्हणता येते. अंशशोधन जुळले नाही असे कोणी म्हणत नाही.